हातांवर बसून

३ मार्च, सोमवार

ताई,

फोन केला की भाऊजी उचलतात आणि तू आंघोळीला गेली आहेस म्हणून सांगतात. जवळजवळ दोन वर्षं तू आंघोळच करते आहेस. भाऊजींना धड खोटंही बोलता येत नाही, त्यांच्या आवाजावरून कळतं की तू समोरच बसून मान हलवते आहेस. म्हणून आता पत्र.

कामाचं आधी लिहिते, म्हणजे फाडायचंच असेल तर तेवढं वाचून फाडशील. आमच्या कंपनीचा नळीने अन्न देणारा नवा पंप येतोय. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी, घरी वापरायचा. चालवणार कोण, तर बायको, सून, मुलगा, नाहीतर शेजारीण. त्याची पुस्तिका मी लिहिली आहे. छत्तीस पानं. एकवीस तारखेला छपाईला जाणार. आणि ती अजून कुणीही करून बघितलेली नाही. मीसुद्धा नाही. मला पंप दिलाच नाही, नुसती चित्रं दिली आणि जुन्या पंपाची पुस्तिका दिली. वरवर सगळं ठीक दिसतंय. मी वीस वेळा वाचलंय आणि प्रत्येक वेळी ठीक दिसतंय, आणि तेच मला सहन होत नाहीये.

तू एकदा करून बघशील? पूर्वी बघायचीस तसं?

पहिली पुस्तिका आठवते का गं? रक्तदाब मोजायच्या यंत्राची. तुझ्या स्वयंपाकघरातलं टेबल, तू रुग्णालयातली रात्रपाळी करून आलेली, डोळे तारवटलेले. मी शेजारी बसले होते आणि तू चुकलीस की बोट दाखवत होते, ते नाही, ते बटण. तिसऱ्यांदा बोट पुढे केलं तेव्हा तू माझ्या हातावर फट्कन मारलंस. म्हणालीस, "त्या माणसाच्या घरी तू असणार आहेस का?" आणि मला माझ्याच दोन्ही हातांवर बसायला लावलंस. तळवे खाली, वर मी, आणि तोंड बंद. तासभर. माझे हात बधिर झाले आणि तू एकोणीस ठिकाणी अडलीस. मला रडू येत होतं. तीच माझी सगळ्यात चांगली पुस्तिका झाली.

कंपनीच्या चाचणीच्या फॉर्ममध्ये 'शेरा' नावाचा एक निरुपयोगी रकाना होता. तो खोडून तू लिहिलंस, 'हात कुठे थांबला'. मग सगळ्याच फॉर्मवर तेच छापायला लागले. आजही छापतात.

त्या एका कागदाबद्दल मी माफी मागितली आहे. पुन्हा मागते. पण आत्ता कामाचं बघ.

तुझी पायरीबाई


७ मार्च, शुक्रवार

ताई,

उत्तर नाही, ते बरोबरच आहे. तरी खोकं पाठवते आहे. आत पंप आहे, नळीचे चार संच, पिशव्या आणि पुस्तिकेचा मसुदा. पंप मी मागून घेतला नाही. कार्यशाळेतल्या मिस्त्रींकडून उचलला. मिस्त्री म्हणजे पंपांची जुळणी तपासणारे आमचे सगळ्यात जुने माणूस, बारीक चष्म्याचे. त्यांनी नोंदवहीत 'तपासणीसाठी बाहेर' असं लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, कुणीतरी तपासतंय हे ऐकून बरं वाटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचणी का बंद झाली, ते तुला सांगायला हवं. आमच्या साहेबांच्या खोलीत भिंतीवर एक आलेख आहे. साहेब वाईट नाहीत. हळू बोलतात, आजारपणाची रजा न विचारता देतात, फक्त त्यांना सगळं आलेखात लागतं. तर त्या आलेखात माझ्या पुस्तिका एका रेषेवर आहेत. पहिली, हात एकोणीस ठिकाणी थांबला. दुसरी, चौदा. सहाव्यापर्यंत रेष खाली वर होते, आणि मग एकदम तळाला जाते आणि तळालाच राहते. शून्य, शून्य, शून्य. वेळ, चाळीस मिनिटं.

त्या रेषेसाठी मला एक काचेचं सन्मानचिन्ह मिळालं. आणि यंदा जानेवारीत साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की लेखन आता इतकं पक्कं झालंय की करून बघण्यात काही सापडतच नाही, तेव्हा त्यात दिवस घालवायला नकोत. पुस्तिका चांगली निघते ना, म्हणाले, मग ती कशी निघते याचं काय करायचं. चौघं लेखक आहोत. चौघांचीही चाचणी बंद. बाकीचे तिघं माझ्याकडे बघून हसले, म्हणजे कौतुकाने. मी मूग गिळून बसले.

करून बघ ना. कुणासाठी नाही तरी त्या शेजारणीसाठी.

पायरीबाई


११ मार्च, मंगळवार

ताई,

भाऊजींनी खोकं मिळाल्याचं सांगितलं. कोपऱ्यात ठेवलंय म्हणाले. उघडलं का विचारलं तर म्हणाले, मला काही सांगता यायचं नाही. म्हणजे उघडलं नसावं.

तू हुशार आहेस. मागच्या पत्रातली ती रेष वाचतानाच तुला कळलं असेल. तळाला गेलेली रेष एका कागदाने होत नाही.

एक नाही, अकरा आहेत.

आता लिहिलंच आहे तर सगळं लिहिते. पहिले सहा खरे. त्यात तू आहेस, तुझं टेबल आहे, माझे बधिर हात आहेत. सातवी पुस्तिका आली तेव्हा आई आजारी पडली होती आणि तू तिच्याकडे राहायला गेली होतीस. मी स्वतःला सांगितलं की ताईला आत्ता कुठे त्रास द्यायचा, या वेळेपुरतं मी एकटी करून बघते. एकटीने केलं, खरंच केलं. पण स्वतः लिहिलेलं स्वतः करताना हात थांबत नाही गं. हाताला आधीच ठाऊक असतं. मग फॉर्मवर लिहिलं, हात कुठे थांबला, कुठेही नाही. वेळ, चाळीस मिनिटं. खाली तुझं नाव, तुझा नर्सिंगचा नोंदणी क्रमांक आणि तुझी सही. सही तर मला शाळेपासून येते. तुझ्या प्रगतिपुस्तकावर आईची सही मी केली होती, आठवतंय? तेव्हा तू मला बक्षीस दिलं होतंस.

ती पुस्तिका चांगली निघाली. कुणाची तक्रार नाही. आठव्या वेळी मी एकटीनेही करून बघितलं नाही.

तू बोलणं सोडलंस तोवर असे चार झाले होते. त्यानंतर सात.

हे वाचून तू काय करशील हे मला माहीत आहे, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तू बोलत नव्हतीस आणि मी तुझ्या नावाने सही करत होते. पहिल्या खोट्याला निदान तू दमली आहेस हे कारण होतं. नंतरच्या सातांना काहीच नव्हतं. फक्त एकदा सुरू झालं होतं, आणि काही बिघडत नव्हतं. मी स्वतःला म्हणायचे, पुस्तिका बरोबर आहे ना? लोक यंत्रं वापरतायत ना? मग झालं तर. आज साहेब तेच म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो, कारण शब्द माझेच आहेत.

अकरा पुस्तिका खरंच चांगल्या होत्या की माझं नशीब चांगलं होतं, हे मला आता कळायला मार्ग नाही. हे कळायचा जो एकच मार्ग होता, तोच मी बंद केला.


१४ मार्च, शुक्रवार

ताई,

आज साहेबांकडे गेले. आठवडाभर मागितला. म्हटलं, यंत्र नवं आहे, एकदा बाहेरच्या माणसाकडून करून घेऊ. ते नेहमीसारखे शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी मसुदा पुढे सरकवला आणि विचारलं, कुठल्या पायरीवर शंका आहे ते दाखवा. मला दाखवता आलं नाही. शंका पायरीवर नाही, हे त्यांना कसं सांगू? चूक कुठे आहे ते मला ठाऊक असतं तर मीच नीट केली नसती का? ते भिंतीवरच्या माझ्या रेषेकडे बघून हसले आणि म्हणाले, तुम्ही उगाच स्वतःवर अविश्वास दाखवताय. पाठीवर थाप मारावी तसं बोलले.

मी तिथेच सांगायला हवं होतं, की ही रेष खोटी आहे. तोंड उघडलंसुद्धा. आणि पाणी मागितलं.

कारण असं की त्या अकरा कागदांवर तुझा नोंदणी क्रमांक आहे. मी बोलले की चौकशी होणार, आणि चौकशी पहिली तुझ्या रुग्णालयात फोन करणार. या सिस्टरनी न केलेल्या चाचण्यांवर सह्या कशा केल्या? तू म्हणशील मी केल्या नाहीत, पण तोवर तुझं नाव चार टेबलांवरून फिरलेलं असेल. तीस वर्षांच्या नोकरीत तुझ्या नावाला डाग लागलेला कुणी बघितलेला नाही. म्हणून तुला विचारल्याशिवाय मी बोलू शकत नाही.

हे कारण खरं आहे, ताई. पण चार दिवस मी ते स्वतःला सांगतेय आणि बरं वाटतंय, आणि ज्या कारणाने बरं वाटतं त्याचा आता मला संशय येतो. खरी गोष्ट अशी की माझी पाचावर धारण बसली आहे. मला दुसरं काही येत नाही. पन्नाशी आली, आणि मला फक्त 'झाकण घड्याळाच्या दिशेने फिरवा' एवढंच लिहिता येतं. मी तुझ्या आड लपतेय. पुन्हा तुझंच नाव पुढे करून.

खोकं उघड. तुझ्या पाया पडते.


१८ मार्च, मंगळवार

आज अठरा.

आज तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळपासून कार्यालयाच्या जिन्यात बसले आहे, वरच्या मजल्यावर, जिथे रंगाचे रिकामे डबे ठेवतात. मांडीवर वही.

दोन वर्षांपूर्वी आज आई गेली. मी पोचले तेव्हा तुम्ही तिला खाली घेतलं होतं. सगळ्यांना वाटलं मी रस्त्यात अडकले. मी रस्त्यात अडकले नव्हते. तू सकाळी फोन केलास, ये म्हणालीस, आणि मी म्हटलं, एवढी पुस्तिका पाठवून निघते. ऑक्सिजनच्या यंत्राची. सगळं झालं होतं, फक्त चाचणीचा फॉर्म राहिला होता. तो भरला. हात कुठे थांबला, कुठेही नाही. चाळीस मिनिटं. तुझी सही. आणि तारीख टाकली, त्या दिवशीची. डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणू का? होतं. मी ती तारीख टाकली कारण त्या दिवशी तीच तारीख होती.

महिन्याभराने आमच्या गुणवत्ता विभागातल्या कुणीतरी तुला आभार मानायला फोन केला आणि म्हणाला, अठरा तारखेला आपण वेळ काढलात. अठरा तारखेला तू आईचा हात धरून बसली होतीस. तू मला फोन केलास आणि एवढंच म्हणालीस, "मी कुठे होते ते तू कागदावर लिहिलंस. तू कुठे होतीस ते लिही." आणि ठेवलास.

मी कार्यालयात होते, ताई. तुझी सही करत होते. घे, लिहिलं.

तीन दिवस उरलेत. कुणाच्या तरी घरी एक आई पलंगावर पडलेली असेल आणि तिची मुलगी माझी छत्तीस पानं वाचत असेल, आणि मी तिथे नसेन. मला कुठेच वेळेवर असता येत नाही. तू नाही म्हणालीस तरी चालेल, पण नाही म्हण. शिव्या दे. रिकामं पाकीट पाठव.


२१ मार्च, शुक्रवार

ताई,

काल दुपारी खोकं कार्यालयात परत आलं. दार लावून जमिनीवर बसले आणि उघडायला अर्धा तास लावला. पंप पुसून ठेवलेला, नळ्यांची गुंडाळी तुझ्या पद्धतीची. पत्र शोधलं. नव्हतं. मसुद्यात खोचलेला चाचणीचा फॉर्म तेवढा होता.

वेळ, तीन दिवस, ड्यूटीनंतर. हात कुठे थांबला, नऊ ठिकाणी. आठ मी लगेच नीट करू शकते. नववं ठिकाण म्हणजे पायरी बारा. तू लिहिलंस:

'इथे हात थांबला नाही, तेच वाईट. पंप बंद करून दार उघडलं. पुढे काय ते पुढच्या पानावर. एका हातात दार, एका हातात नळी, पान उलटायला हात नाही. तोवर पिशवी आपोआप वाहायला लागली. अर्धी बादलीत गेली. बादलीच्या जागी पेशंट समज.'

पान उलटलं की पहिलं वाक्य माझंच आहे, नळीवरचा चिमटा बंद करा. जुन्या पुस्तिकेवरून जशीच्या तशी उचललेली ओळ. मी पंप उचलून मिस्त्रींकडे पळत गेले. त्यांनी दार उघडून दाखवलं. जुन्या पंपात दार उघडताच नळी दाबून धरणारी एक बारीक कळ होती, म्हणून चिमटा नंतर लावला तरी चालायचं. नव्यात ती काढली आहे. मला दिलेल्या चित्रांत ती अजून आहे. पोटात एवढं अन्न एकदम उतरलं तर काय होतं, ते मला तू सांगायला नको. उलटी होईल, आडव्या पडलेल्या माणसाच्या छातीत जाईल. वीस वेळा वाचून मला जे दिसलं नाही, ते तुझ्या दोन हातांना एका बादलीत दिसलं.

आणि त्याखाली, कोऱ्या जागेत, तुझं ते सरळ अक्षर. 'याआधीच्या अकरा कागदांवरची सही माझी नाही. ही माझी आहे. अठरा मार्चला मी माझ्या आईजवळ होते.' नाव, क्रमांक, सही.

मला आधी राग आला, खरं सांगते. वाटलं, ही ओळ नसती तर आज नुसता हा फॉर्म दिला असता, बारावी पायरी सुधारली असती, छपाई थांबली असती आणि सगळं निभावलं असतं. मग कळलं की तू ती तेवढ्यासाठीच लिहिलीस. द्यायचा तर पूर्ण द्यावा लागतो. आणि मी ज्याची परवानगी मागत होते, ती तू माझ्या हातात न देता कागदावर देऊन टाकलीस.

सकाळी नऊला साहेबांच्या खोलीत गेले. बोलायला लागले की मी पाणी मागते हे मला माहीत होतं, म्हणून घरून लिहूनच नेलं होतं. एक पान, आपल्या पद्धतीने. एक, पिशवीतला पंप टेबलावर ठेवा, पाण्याची पिशवी लावा, खाली बादली घ्या. दोन, मसुद्याच्या अकराव्या पायरीपासून पुढे वाचत करा. तीन, सोबतचा फॉर्म वाचा. चार, माझ्या फायलीतले सातव्यापासून सतराव्यापर्यंतचे फॉर्म काढून त्याशेजारी ठेवा. पाच, भिंतीवरची रेष बघा. सहा, छापखान्याला फोन करा.

पान त्यांच्यापुढे ठेवलं, समोरच्या खुर्चीत बसले, आणि दोन्ही हात खाली घेऊन हातांवर बसले.

साहेबांना वाटलं काहीतरी गंमत आहे. हसत त्यांनी पंप लावला. बारावी पायरी केली, आणि एका हातात दार, एका हातात नळी धरून मसुद्याकडे बघत राहिले. पाणी बादलीत पडायला लागलं. ते मला म्हणाले, आता काय करायचं? पुन्हा विचारलं, जरा जोरात. मी दात आवळून बसले होते, सांगायची सवय किती वाईट असते तुला माहीत आहे. शेवटी त्यांनी नळी सोडून दिली आणि पान उलटलं. त्यांच्या बाह्या भिजल्या होत्या. मग माझ्या पानावरची तिसरी पायरी केली, तुझा फॉर्म वाचला. तिथे त्यांचा हात थांबला तो बराच वेळ थांबला.

फायली त्यांनी स्वतः काढल्या. अकरा कागद टेबलावर मांडले, तुझा बारावा शेजारी. पाचव्या पायरीला भिंतीकडे वळून बघितलं नाही. सरळ सहावी केली. छपाई थांबली आहे.

मग त्यांनी मला माझं ओळखपत्र टेबलावर ठेवायला सांगितलं आणि पुढचं कळवू म्हणाले. अकराही पुस्तिका पुन्हा करून बघायच्या का, असं मी दारातून विचारलं. ते म्हणाले, आता तुम्ही काही विचारू नका. पण कागदावर काहीतरी लिहीत होते. तुझ्याकडे फोन येईल. तू खरं तेच सांगशील, त्यामुळे तुला काही सांगायला नको.

माझं पुढे काय होईल माहीत नाही. आणि तुला खरं वाटणार नाही, पण आज मला ते फारसं विचारावंसं वाटत नाहीये. भीती आहेच. घरी येऊन दोनदा उलटी झाली.

एकच मागायचं आहे आणि ते कामाचं नाही. अठरा मार्च मी कागदावर खोटा लिहिला. खरा मला माहीतच नाही. आई शेवटचं काय बोलली, कुणाला विचारत होती, तुझा हात कुठे थांबला, काहीच नाही. कधीतरी सांगशील? यायचं नसेल तर मी येते. त्या टेबलाशी बसू. मी मधे बोलणार नाही, कारणं देणार नाही. तुझं सांगून होईपर्यंत हातांवर बसेन.

तुझी
पायरीबाई